रोम: आईचे गुडघे, लेकीचे ग्लॅडिएटर आणि पंचवीस ठिकाणांची यादी

पाऊलवाट

मंडळी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रोमला चाललोय. मी, आई आणि सातवीतली लेक. व्हिसा हातात आलाय, हॉटेल तेर्मिनी स्टेशनजवळ घेतलंय, आता तिकिटांपाशी गाडी अडलीये.

आई निवृत्त चित्रकला शिक्षिका. मायकेलअँजेलो, राफाएल तिने वर्षानुवर्षं पुस्तकातल्या काडेपेटीएवढ्या छापील चित्रांवरून शिकवले, आता भिंतीवरचे बघायचेत. पण गुडघे साथ देत नाहीत. थोडं चाललं की बसायला जागा लागते. लेकीला ग्लॅडिएटर सोडून कशात रस नाही. मला विचाराल तर नुसतं भटकायला आवडेल, पण मला विचारतंय कोण!

नेटवर ज्या याद्या आहेत त्यात कमीत कमी पंचवीस ठिकाणं. एक जण तर म्हणतो पाँपेईपण रोमहून एका दिवसात उरकतं. कलोसियमला गाइड घ्यावा का? व्हॅटिकन बघितल्यावर बोर्गेझे गॅलरी बघण्यात अर्थ आहे का, की तेच ते होतं? आईला कुठे जपावं लागेल? आणि आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं. अनुभवी लोकांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

---

उनाड

त्रेवी फाउंटन सकाळी सातच्या आत. नंतर पाणी कमी आणि डोकी जास्त दिसतात. स्पॅनिश स्टेप्सवर बसू नका, २०१९ पासून बसायला बंदी आहे, दंड करतात. (आईंना नेमकं तिथेच बसावंसं वाटेल, म्हणून आधीच सांगितलं.) तेर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणाऱ्या ६४ नंबरच्या बसमध्ये पर्स पुढे धरा. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका, रस्तोरस्ती ओतीव लोखंडाचे नळ आहेत, अखंड वाहतात, पाणी पिण्याचं आणि गार. खालून तोटी बोटाने दाबली की वरच्या बारक्या भोकातून धार उडते. लेक खूश.

बाकी सेंट्रिंगवाला काका येतीलच, रोमचा धागा आणि ते आले नाहीत असं झालेलं नाही.

---

सेंट्रिंगवाला

आलो.

पाऊलवाट ताई, मी सिव्हिलवाला. उभं आयुष्य साइटवर गेलं, त्यामुळे चित्रांबद्दल माझ्या बोलण्याला फार किंमत देऊ नका, ते खातं आमच्या सौ.कडे आहे. तिच्या मागे पिशवी धरून फिरता फिरता जे कानावर पडलं ते सांगतो. दगड-चुन्याचं मात्र माझं स्वतःचं.

आधी ती यादी फाडून टाका. वेळ ठरलेली, तिकिटाची जागा दिवसाला एकच, आणि तीही सकाळी. दुपारी खोलीवर पाय वर करून पडायचं. संध्याकाळी एखादं चर्च. रोममध्ये जगातली उत्तमोत्तम चित्रं चर्चमध्ये फुकट टांगलेली आहेत आणि लोक मात्र म्युझियमच्या रांगेत घामाघूम होतात. दिवसाला दोन तिकिटं काढलीत की दुसऱ्या जागी तुम्ही फक्त घड्याळ बघणार.

कलोसियम. अधिकृत साइटवर तिकिटं साधारण ३० दिवस आधी उघडतात, गजर लावून बसा. तिकिटावर नाव येतं, ते पासपोर्टवर आहे तसंच टाका. साध्या १८ युरोंच्या तिकिटात फोरम (जुन्या रोमचा मुख्य चौक, आता अवशेष) आणि पॅलेटाइन टेकडीही येते. १८ वर्षांखाली फुकट, पण लेकीच्या नावाचंही तिकीट काढावंच लागतं. वर जायला लिफ्ट आहे, आईंसाठी विचारा. गाइड नको. तो मुलीला रक्ताच्या गोष्टी सांगेल आणि आईंना पळवेल.

त्याऐवजी आत जाण्याआधी बाहेरच्या भिंतीपाशी थांबा. दगडाला सगळीकडे भोकं दिसतील, गोळीबार झाल्यासारखी. तो ट्रॅव्हर्टाइन दगड चुन्याशिवाय, लोखंडी पकडींनी एकमेकांत अडकवलेला होता. मध्ययुगात लोखंडाला भाव आला तसं लोकांनी दगड कोरून पकडी काढून नेल्या. साइटवरून सळई चोरीला जाते हे ऐकून माझा जो संताप व्हायचा तो तिथे जरा निवला, ही फार जुनी परंपरा आहे. आता लेकीचं काम: तळमजल्याच्या कमानींवर रोमन अंक शोधायचे. एकूण ८० कमानी, त्यातल्या ७६ ना नंबर, मुख्य चारांना नाही. बाहेरची भिंत जिथे शाबूत आहे तिथे २३ ते ५४ अजून वाचता येतात. इ.स. ८० मध्ये सम्राट टायटसने उद्घाटन केलं तेव्हापासूनचे हे गेट नंबर आहेत. ५० तिथे एल ने लिहितात हे तिला आधी शिकवून ठेवा, आणि चारसाठी आपण शाळेत शिकलो तसं नाही, चार उभ्या रेघा दिसतील.

फोरममध्ये आईंना उतरवू नका, निदान आधी नको. जुन्या रस्त्याच्या बसाल्टच्या फरश्या वरखाली झाल्यात, सावली कमी. कॅपिटोल टेकडीवर न्या. मायकेलअँजेलोने आखलेला चौक आहे तो, आणि वर जायला नेहमीच्या पायऱ्या नाहीत, रुंद चढण आहे, मध्ये मध्ये बुटक्या दगडी पट्ट्या. सावकाश जमेल. चौकाच्या मागच्या बाजूने गेलात की अख्खा फोरम पायाशी, फुकट. समोरच सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसची कमान, इ.स. २०३ ची. वरच्या शिलालेखाची चौथी ओळ बघा. तिथला दगड खरवडून मूळ अक्षरं काढलीत आणि नवी बसवलीत. आधी तिथे सेव्हेरसच्या धाकट्या मुलाचं, गेटा याचं नाव होतं. बाप गेल्यावर भाऊ काराकालाने त्याला मारवलं आणि गावोगावच्या दगडांवरून त्याचं नाव पुसलं. पण आधीची ब्राँझची अक्षरं बसवायला पाडलेली भोकं तशीच राहिली, आणि त्या भोकांवरूनच जुनं नाव वाचता येतं. काम रफ करून गेले बिचारे.

चौकातला घोड्यावरचा मार्कस ऑरेलियस नक्कल आहे, अस्सल ब्राँझ शेजारच्या म्युझियममध्ये. बाकीचे सम्राट वितळवले गेले, हा वाचला कारण लोक त्याला पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन समजत राहिले.

आता पँथिऑन, घुमटाचं जुनं रोमन देऊळ. इथे मी थोडं जास्त लिहिणार, वाचायचं नसेल तर खाली सरका.

घुमटाचा आतला व्यास ४३.३ मीटर, आणि जमिनीपासून माथ्याच्या भोकापर्यंत उंचीही तेवढीच. सगळं काँक्रीट. सळई एकही नाही. सळईविना काँक्रीटचा याहून मोठा घुमट पुढे १९०० वर्षांत कोणी केला नाही. सिमेंट नव्हतंच, चुना आणि ज्वालामुखीची राख, पोझ्झोलाना म्हणतात ती. आणि डोकं बघा: आम्ही एका स्लॅबला एकच माल वापरतो. ह्यांनी तळाशी जड दगडाची खडी घातली, वर चढता चढता विटांचे आणि हलक्या टफ दगडाचे तुकडे, आणि अगदी माथ्याशी प्युमिस, जो पाण्यावर तरंगतो. जाडी तळाशी ६ मीटरच्या वर, भोकाच्या काठाशी १.२ मीटर. आतून जे चौकोनी खण दिसतात, पाच ओळी आणि प्रत्येक ओळीत २८, ते दिसतात छान, पण वजनही कमी करतात. मी तिथे बाकावर बसून फक्त सेंट्रिंगचा विचार करतो. एवढ्या गोलाला खालून लाकडी आधार कसा दिला असेल, खणांचे साचे कसे उलटे लटकवले असतील, आणि माल सुटल्यावर ते सगळं लाकूड उतरवायला आधी आत कोण शिरला असेल?

भोकाला काच नाही. पाऊस आत पडतो. फरशीला मध्यापासून बाहेर किंचित ढाळ आहे आणि निचऱ्याला बारीक भोकं पाडलीत. नेहमीच्या वापरातलं गच्चीचं काम बघतात तसं खाली वाकून बघा, कोणी बघत नाही, सगळे वर बघतात.

बाहेर दर्शनी पाटीवर मोठ्या अक्षरांत आग्रिप्पाने बांधलं असं कोरलंय. आग्रिप्पाचं देऊळ जळालं, आजची इमारत सम्राट हेड्रियनच्या काळात, इ.स. १२५ च्या सुमारास पुरी झाली, पण त्याने पाटी जुन्याच्या नावाची ठेवली. बोर्ड एकाचा, काम दुसऱ्याचं, आमच्या धंद्यात हे चालतंच, फक्त एवढ्या मोठ्या मनाने कोणी करत नाही. इ.स. ६०९ मध्ये चर्च झालं म्हणून इमारत टिकली. २०२३ पासून तिकीट आहे, ५ युरोंचं लावलं होतं, आजचा दर बघून घ्या. बसायला बाक आहेत. आणि राफाएल तिथेच पुरलाय, आईंना सांगा.

तिथून पाच मिनिटांवर सान लुइजी देई फ्रांचेझी चर्च. डावीकडच्या शेवटच्या छोट्या देवळीत कारावाज्जोची तीन चित्रं, संत मॅथ्यूची. अंधार असतो. शेजारी पेटीत नाणं टाकायचं, दिवा लागतो, थोड्या वेळाने खटकन विझतो. सुटी नाणी जमवून ठेवा. दिवा विझल्यावरही लगेच हलू नका. सौ.ने मला दाखवलं ते हे की डाव्या भिंतीवरच्या चित्रात उजेड उजवीकडून येतो, म्हणजे त्या जागेची खरी खिडकी ज्या बाजूला आहे तिकडूनच. चित्र त्याच भिंतीसाठी केलंय. म्युझियममध्ये हे कळायला वाव नाही.

तिथून थोडं उत्तरेला सांत’अगोस्तीनो. त्यात कारावाज्जोची मेरी दारात बाळाला घेऊन उभी, आणि समोर गुडघे टेकून बसलेले यात्रेकरू म्हातारा-म्हातारी. म्हाताऱ्याचे तळवे बघणाऱ्याच्या तोंडासमोर येतात, मळलेले, टाचा सुजलेल्या. आमची सौ. दिवसभर चालून आली होती, ते तळवे बघून तिथेच खाली बसली. त्याच चर्चमध्ये खांबावर राफाएलचा प्रेषित इसाया आहे. दोन्ही मिळून तिकीट शून्य. पण चर्च दुपारी बंद असतात, साधारण साडेबारा ते तीन-चार धरून चाला.

बोर्गेझे तेच ते नाही. व्हॅटिकनमध्ये माणसं वाहत जातात, बोर्गेझेत दोन तासांची पाळी आणि ठरावीकच माणसं, म्हणून आईंना तेच सोसेल. बुकिंगशिवाय आत घेत नाहीत, सोमवारी बंद. शिल्पकार बेर्निनीची प्रोझर्पिना, पाताळाचा देव प्लूटो तिला उचलून नेतोय, ती बघताना चेहऱ्यापासून सुरुवात नका करू. मागे जा. प्लूटोची बोटं तिच्या मांडीत रुतलीत आणि मांस दबलंय, संगमरवरात. मी दगड फोडणाऱ्यांबरोबर काम केलंय, मला ते अजून पटत नाही. १६२२ मध्ये ते संपवलं तेव्हा बेर्निनी तेवीस-चोवीस वर्षांचा होता.

---

मधुमालती

काकांचं पँथिऑन आलं, आता माझं पोट!

शाकाहारी आहात तर आधी वाईट बातमी. रोमचे चार प्रसिद्ध पास्ते, त्यातल्या कार्बोनारा, आमात्रिचाना आणि ग्रीचा या तिघांत डुकराच्या गालाचं मांस असतं. चौथा काचो ए पेपे, फक्त चीज आणि मिरी, पण त्यातलं पेकोरिनो चीज प्राणिज रेनेटने (जनावराच्या जठरातलं विरजण) लावतात. तुम्ही ते पाळत असाल तर पोमोदोरो, म्हणजे टोमॅटोचा पास्ता मागा. तळलेली भोपळ्याची फुलं दिसली की हात पुढे जाईल, थांबा, आत चीजबरोबर अँकोव्ही मासा भरलेला असतो. आतला मसाला विचारल्याशिवाय तळलेल्या भाताचे गोळेही नकोत. निर्धास्त खायचं म्हणजे कापून वजनावर मिळणारा पिझ्झा, बटाट्याचा किंवा नुसता टोमॅटोचा, आणि ज्यू वस्तीतले तळलेले आर्टिचोक, ते फुलासारखे उघडून येतात, पाकळ्या कुरकुरीत.

एका बाबतीत काकांशी असहमत. फोरम वरून बघून भागत नाही. आईंना वर चौकात बसवा आणि लेकीला घेऊन तुम्ही खाली उतरा. आंतोनीनस आणि फाउस्तीनाच्या देवळात नंतर चर्च बसवलंय, त्याचा दरवाजा हवेत आहे. म्हणजे जमिनीपासून कितीतरी वर, खाली पायरीही नाही. दरवाजा केला तेव्हा माती तिथवर साचलेली होती. नंतर उत्खननात माती निघाली आणि दरवाजा लटकला. फोरमवर तेव्हा गुरं चरत, नावच ‘गुरांचं मैदान’ पडलं होतं. सातवीतल्या पोरीला इतिहास म्हणजे काय ते त्या दाराखाली उभं राहून जितकं कळेल तितकं पुस्तकात नाही.

हेच जमिनीखाली बघायचं तर सान क्लेमेंते, कलोसियमपासून चालत. वर बाराव्या शतकातलं चर्च, जिना उतरलात की चौथ्या शतकातलं, आणखी उतरलात की पहिल्या शतकातल्या भिंती आणि मिथ्र देवाचं ठाणं. तळाशी वाहतं पाणी ऐकू येतं. १८५७ मध्ये तिथल्याच एका आयरिश धर्मगुरूने खणायला घेतलं तेव्हा हे सापडलं. खालचं तिकीट आहे आणि जिने आहेत, आईंनी वरच थांबावं, वरचं सोनेरी मोझेक फुकट आणि तेही बघण्यासारखं.

कपड्यांचं लक्षात ठेवा: व्हॅटिकन आणि मोठ्या चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. कुर्ता, ओढणी असेल तर प्रश्नच नाही.

---

पाऊलवाट

काका, मधुमालती, किती लिहिलंत! आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली मळलेल्या तळव्यांचं चित्र आधी, मग बाकीचं.

अजून थोडं छळते. व्हॅटिकनचं कोणी सांगितलंच नाही, आणि आईचं मुख्य तेच. दुसरं, आम्ही पोचतोय तो महिन्याचा पहिला रविवार, म्हणे कलोसियम फुकट असतं, मग तोच दिवस धरावा का? आणि बोर्गेझेच्या आम्हाला हव्या त्या दिवशी सगळ्या वेळा संपल्या दाखवतंय. पाँपेईचं काय करू?

---

सेंट्रिंगवाला

पहिल्या रविवारी कलोसियम अजिबात नको. आगाऊ बुकिंग नसतं, अख्खं गाव रांगेत असतं. त्या दिवशी चर्च आणि चौक करा. व्हॅटिकन म्युझियमचं उलटं गणित: रविवारी बंद, फक्त महिन्याचा शेवटचा रविवार दुपारपर्यंत उघडं आणि फुकट, म्हणून त्या दिवशी आणखी वाईट.

व्हॅटिकनला सकाळची पहिली वेळ घ्या, त्यांच्याच साइटवरून, दलालांकडून नको. आईंना चालतं माणूस समजू नका, आत लांबच लांब दालनं आहेत आणि सिस्टीन चॅपेल बरंच आत. व्हीलचेअर मागितली तर मिळते, संकोच नको. वाटेत दोनच ठिकाणी थांबा. एक, अंगणातला लाओकूनचा पुतळा, सापांच्या विळख्यातला. १५०६ मध्ये एका द्राक्षमळ्यात सापडला तेव्हा उजवा हात नव्हता. लोकांनी अंदाजाने सरळ ताणलेला हात लावला. चारशे वर्षांनी एका बांधकामवाल्याच्या आवारात मूळ हात निघाला, आणि तो वाकलेला होता, मायकेलअँजेलो म्हणत होता तसा. हे मला पाठ का आहे ते सांगायला नको. आवारात भंगार कधी टाकून देऊ नये असं मी पोरांना सांगायचो, त्याला आता दाखला मिळाला.

दुसरं, राफाएलच्या खोल्या. आईंना मी काय सांगणार! फक्त ‘अथेन्सची पाठशाळा’ असलेल्या खोलीत पाठीला भिंत लावून उभ्या राहू द्या, लोकांचा लोंढा पुढून जाऊ दे.

सिस्टीनमध्ये फोटो नाही, बोलायचं नाही. भिंतीकडेने बाक आहेत, कोणी उठलं की लगेच आईंना बसवा आणि मग घाई करू नका. छत साधारण २० मीटर वर, छोटी दुर्बीण न्याच. सौ. म्हणते सगळे छताकडे बघतात आणि बाजूच्या भिंतींवर बोत्तिचेल्ली, पेरुजीनो यांची चित्रं आहेत तिकडे मान वळवत नाहीत. छताच्या आधी पंचवीस-तीस वर्षं झालेली. छत १५०८ ते १५१२, आणि समोरची ‘अंतिम निवाडा’ ची भिंत मायकेलअँजेलोने साठी ओलांडल्यावर केली, १५३६ ते १५४१. सौ.ला दोन्हींतल्या हातात फरक दिसतो. मला दिसत नाही, पण आईंना दिसेल.

बोर्गेझे: रद्द झालेली तिकिटं परत साइटवर येतात, सकाळ-संध्याकाळ बघत राहा. नाहीच मिळालं तर पालात्सो मास्सिमो, तुमच्या हॉटेलजवळच, तेर्मिनीसमोर. सोमवारी बंद. तिथे ब्राँझचा मुष्टियोद्धा आहे, लढत संपवून बसलेला, हाताला चामड्याच्या पट्ट्या, मोडलेलं नाक, फुगलेले कान, आणि जखमांतलं रक्त तांब्याचं जडवलेलं. लेकीला ग्लॅडिएटर हवाय ना, तो हा समजा, लहान मुलांना चालेल. वरच्या मजल्यावर सम्राट ऑगस्टसची बायको लिव्हिया हिच्या घरातली बागेची भिंतचित्रं, डाळिंबं, पक्षी, चारी बाजूंनी. आईंना तिथे बसवून तुम्ही कॉफी पिऊन या, त्यांना तुमची आठवण येणार नाही.

पाँपेई नको. जाता येतं, पण गुडघ्यांसकट नाही. त्याऐवजी ओस्तिया अंतिका, रोमचं जुनं बंदर. पिरामिदे मेट्रोशेजारच्या स्टेशनातून लोकल, शहराचं साधं बसचंच तिकीट चालतं. झाडांची सावली आहे, गर्दी विरळ. नाट्यगृहामागे व्यापाऱ्यांच्या कचेऱ्यांचा चौक आहे, प्रत्येकाच्या दारात काळ्या-पांढऱ्या मोझेकमध्ये धंद्याची पाटी: जहाज, धान्याचं माप, हत्ती. तेही सोमवारी बंद, म्हणजे सोमवारी कलोसियम धरा, ते उघडं असतं. आईंचं कसं वाटतंय ते बघून त्या दिवशी सकाळी ठरवलंत तरी चालेल, ओस्तियाला आगाऊ काही काढावं लागत नाही.